पाण्याचा टीदर: वरचे दात येईपर्यंतच कामाचा

टीदर म्हणजे दात येताना बाळाला चावायला द्यायचं खेळणं. त्याबद्दलची माझी तक्रार 'निवारण झाले' असा शेरा मारून कंपनीने परवा बंद केली. निवारण काहीही झालेलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

पाणी भरलेला टीदर फुटला, तोही कडेच्या जोडावर. सुईच्या टोकाएवढं भोक आणि आतलं पाणी थेंबथेंब बाळाच्या तोंडात. दात येताना लाळ इतकी गळते की लाळेरं कशाने भिजलंय हे कळतच नाही. गळती किती वेळ चालू होती, हे मला आजही सांगता येणार नाही. माझा सगळा राग याच गोष्टीवर आहे.

सुरुवातीला याच टीदरने आम्हाला खूप आधार दिला. खालचे पुढचे दोन दात साधारण 6 ते 10 महिन्यांत येतात. तेव्हा हिरड्या फुगलेल्या, हात सतत तोंडात आणि रात्रभर किरकिर. टीदर फ्रिजमध्ये गार करून दिला की बाळ लगेच शांत व्हायचं. गारवा आणि दाब, दोन्ही एकदम मिळतात. फ्रीजरमध्ये मात्र कधी ठेवला नाही. दगडासारखा कडक झाला की कोवळ्या हिरडीलाच इजा व्हायची. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पण वरचे दात 8 ते 12 महिन्यांत येतात आणि तिथून हिशोब बदलतो. तोवर खालच्या दातांसमोर मऊ हिरडीच असते. वरचे आले की दातावर दात बसतो आणि बाळ खरोखर चावायला लागतं. चावा नेमका कडेवर बसतो, आणि जोडही तिथेच. म्हणजे ज्या कामासाठी ही वस्तू विकली जाते, ते काम जोरात सुरू झालं की ती निकामी होणार. वेष्टनावर याबद्दल एक ओळ नाही.

फोनवर उत्तर मिळालं, 'पाणी शुद्ध आहे, तसाच दुसरा पाठवतो.' भरलं तेव्हा शुद्ध असेलही, पण ते कधी भरलं ती तारीख कुठे आहे? आणि तसाच दुसरा घेऊन करायचं काय? वर सल्ला मिळाला की तोवर हिरडी बधिर करणारं जेल लावा. हे ऐकून मी हादरले. बेंझोकेन असलेली अशी जेल 2 वर्षांखालच्या मुलांना वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्येच दिला आहे. त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते. त्याच वर्षी दात येताना घालायच्या माळांबद्दलही त्यांनी सावध केलं, कारण गळफास बसू शकतो आणि मणी घशात अडकू शकतो. बाळांच्या वस्तू विकणाऱ्यांना एवढं माहीत असायलाच हवं.

नंतर भरीव, एकसंध सिलिकॉनची रिंग आणली. जोडच नाही, त्यामुळे गळायची भीती संपली. त्रास एकच, घरातला प्रत्येक केस आणि धागा तिला चिकटतो आणि दिवसभर धूत बसावं लागतं. तरी मी खूश होते, पहिल्या दाढा येईपर्यंत. त्या 13 ते 19 महिन्यांत, पार मागे येतात. गोल रिंग तिथवर पोचतच नाही, आणि लांब दांड्याचं काही द्यायचं तर ते घशात जाण्याची धास्ती.

आता आमच्याकडे खरं काम करतंय ते स्वच्छ सुती फडकं. ओलं करून, पिळून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि एक टोक बाळाला चावायला द्यायचं, दुसरं आपल्या हातात. ते मागच्या हिरडीपर्यंत जातं आणि खर्च शून्य. नाहीतर हात धुऊन बोटाने हिरडी हलके चोळायची. ताप 38 अंशांवर गेला किंवा जुलाब लागले तर मात्र दातांवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

तुमच्याकडे पाण्याचा टीदर असेल तर धुतल्यावर कोरडा पुसून कागदी रुमालात दाबून बघा. जोडापाशी ओला डाग उमटला तर लगेच फेका. डाग नसला तरी वरचे दात दिसले की तो बाळाच्या हातून काढून घ्या. माझ्याकडून पाचपैकी एक.