इंग्लंडमधल्या कबरीच्या 'रिन्यूअल'चा मेल आला तर पैसे भरू नका

ज्यांच्या घरातलं कोणी इंग्लंडमध्ये पुरलेलं आहे त्यांनी हे वाचाच. आपल्या ख्रिस्ती घरांत असे बरेच जण असतील, एका पिढीत नर्सिंगला कितीतरी जणी गेल्या होत्या. आमच्या आजीची धाकटी बहीणही अशीच नगरहून गेली, लग्न केलं नाही, 1974 ला तिकडेच वारली, आणि पूर्व लंडनमध्ये कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) सिमेटरीत तिची कबर आहे.

तर माझ्या मामेभावाला मेल आला. वर लोगो, आत मावशीआजीचं पूर्ण नाव, कबरीचा सेक्शन नंबर आणि चक्क दगडाचा फोटो. म्हणे कबर बेवारस जाहीर झालीये, 72 तासांत 380 पौंड भरले नाहीत तर अस्थी काढून जागा दुसऱ्याला देणार. दादा घाबरला, मामी तर रडायलाच लागली, आणि त्याने त्याच रात्री लिंकवरून कार्डने पैसे भरून टाकले. मला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही पावती बघ म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकली तेव्हा. पावतीवर कौन्सिलचं नावच नाही, भलत्याच कुठल्यातरी कंपनीचं.

आता यातली चलाखी बघा. लंडनमध्ये जुन्या कबरी परत वापरतात हे खोटं नाहीये. जागाच उरली नाही म्हणून 2007 च्या एका कायद्याने तिथल्या कौन्सिलना तशी परवानगी आहे, सिटी ऑफ लंडन सिमेटरीत तर हे चालूच आहे. म्हणजे दादाने गूगल केलं तेव्हा त्याला बातम्या खऱ्याच दिसल्या. पण नियम कोण वाचतंय? शेवटच्या दफनाला किमान 75 वर्षं झालेली असावी लागतात. आमची केस 1974 ची, म्हणजे 2049 च्या आधी कोणी हात लावू शकत नाही, एवढं साधं गणित. त्यातही आधी सहा महिन्यांची नोटीस, ती कबरीपाशी आणि गेटजवळ लावायची, पेपरात द्यायची, रजिस्टरवरच्या मालकाच्या शेवटच्या पत्त्यावर पाठवायची. मालकाने किंवा नातेवाईकाने लेखी हरकत घेतली की पुढची 25 वर्षं त्या अस्थींना हात लावता येत नाही, आणि हरकतीला कायद्यात फी वगैरे काही ठेवलेली नाही. आणि अस्थी 'काढून टाकत' नाहीत हो, त्याच खड्ड्यात आणखी खोल ठेवतात आणि वरच्या जागेत नवीन दफन होतं. लायसन्सशिवाय अस्थी हलवणं हा तिकडे 1857 पासून गुन्हा आहे.

एक मात्र खरं, डीडची, म्हणजे कबरीच्या हक्काच्या कागदाची, मुदत संपणं हा वेगळा विषय आहे. कौन्सिल दफनाचा हक्क जास्तीत जास्त 100 वर्षांसाठी देते, काही ठिकाणी कमी, आणि तो वाढवायला खरोखर पैसे पडतात. या लोकांनी दोन्हीची खिचडी केली. त्यामुळे घरात जुना डीड असेल तर आधी तो शोधा आणि मुदत बघा. आमचा मामीच्या ट्रंकेत निघाला, बायबलमध्ये घडी करून ठेवलेला, मुदत 2074 पर्यंत.

मग मी कौन्सिलच्या साईटवरून सिमेटरी ऑफिसचा पत्ता काढून (मेलमधल्या नंबरवर अजिबात फोन करू नका) डीडचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर सरळ आलं, आम्ही अशी कुठलीही नोटीस काढलेली नाही. मालकी मात्र अजून मावशीआजीच्या वारलेल्या भावाच्याच नावावर आहे, ती बदलायला स्टॅच्युटरी डिक्लरेशन (एक प्रकारचं प्रतिज्ञापत्र) द्यावं लागेल म्हणाले. ते काम चालू आहे. खरी नोटीस गेलीच असती तर नगरच्या त्या जुन्या पत्त्यावर गेली असती, जिथे आता आमचं कोणीच राहत नाही.

माहिती कुठून मिळाली म्हणाल तर थडग्यांचे फोटो टाकायच्या साईट असतात आणि वंशावळीच्या साईटवर दादाने स्वतःचा मेल आयडी दिलेला, दोन्ही जोडायला कितीसा वेळ लागतो.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केलीय, बँकेत डिस्प्यूट टाकलाय, पैसे अजून आलेले नाहीत. आणि गेल्या आठवड्यात दादाला नवीन मेल आलाय, तुमची फसवणूक झाली हे आम्हाला समजलं, रिफंड मंजूर झालाय, फक्त 45 पौंड प्रोसेसिंग फी भरा.