नोकरीच्या शोधातले रजिस्टर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नागपुरात बर्डीवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले, २०० पानांचे आणि शिवलेल्या बांधणीचे साधे रजिस्टर मी गेले काही महिने केवळ नोकरीच्या शोधातील नोंदींसाठी वापरत आहे. बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर्सचे काम पाहत होतो, तेथील आमचा विभाग बंद झाला आणि त्यानंतर अर्ज, फोन व मुलाखतींचा जो व्याप वाढला, तो नुसता लक्षात ठेवणे शक्य नव्हते. मोबाइलवर एक्सेलची शीट करता आली असती आणि जुनी नोंद शोधण्यासाठी ती निश्चितच सरस आहे. परंतु फोन हाती घेतला की इतरांच्या बढतीच्या बातम्या आधी समोर येतात, म्हणून मी कागद पसंत केला.

डाव्या पानावर तारीख, कंपनी, पद, जाहिरात कोठे पाहिली, कोणाशी बोलणे झाले आणि त्यांचा नंबर हे रकाने आखले आहेत. उजवे पान शेऱ्यासाठी पूर्ण मोकळे ठेवले आहे आणि माझ्या मते या रजिस्टरचे खरे मोल त्या मोकळ्या पानातच आहे. नकार आला की तेथे दोन गोष्टी लिहायच्या, काय विचारले आणि कोण चांगले वागले, एवढाच नियम मी पाळतो. एकदा हिंगणा एमआयडीसीतील मुलाखतीसाठी मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत आणि पुढे ऑटोने गेलो, तर गेटवरचा सुरक्षारक्षक म्हणाला, “भाऊ, ते जागा तं कालच भरली नं.” मात्र त्यानेच मला सावलीत बसवले, माठातले पाणी दिले आणि पलीकडच्या गल्लीतील कारखान्याला स्टोअर्समध्ये माणूस हवा असल्याचे सांगितले. तेथेही काम झाले नाही. तरीही त्या दिवसाच्या पानावर ‘जागा भरली’ ही एकच ओळ आहे आणि तिच्याखाली त्या माणसाविषयी चांगल्या चार ओळी आहेत. संध्याकाळी आई “काय झालं रे?” म्हणून विचारते तेव्हा मी ते पान वाचून दाखवतो आणि घरात रडगाण्याऐवजी हसणे होते. मन प्रसन्न ठेवण्यासाठी मला याहून वेगळा उपाय करावा लागला नाही.

रजिस्टरचा दुसरा उपयोग मी अपेक्षिला नव्हता. गोदाम व्यवस्थापकाच्या जागेसाठी आलेल्या एका फोनवर ‘नोंदणी शुल्क’ मागितले गेले. नंबर लिहून घेताना तो मागच्याच एका पानावर निराळ्या कंपनीच्या नावासमोर दिसला आणि मी बोलणे तेथेच थांबवले. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्यांपासून दूरच राहावे. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. केंद्र सरकारचे २०१५ साली सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचे महास्वयम् या दोन्हींवरील उमेदवारांची नोंदणी मोफत आहे, हे मी पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवले आहे.

शेवटची काही पाने कागदपत्रांसाठी राखावीत. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ) बारा अंकी क्रमांक, यांची नोंद मी तेथे केली आहे. नोकरी बदलली तरी यूएएन तोच राहतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतःला भरता येते; अनेकांना हे ठाऊक नसते आणि पुढे पीएफ हस्तांतरित करताना अडचण येते.

उणिवा आहेत. कागद पातळ असल्याने जेल पेनची शाई मागे उमटते, त्यामुळे बॉलपेनच वापरावा. ठरलेल्या दिवशी पुन्हा फोन करण्याची आठवण रजिस्टर देत नाही. त्यासाठी मोबाइलचा गजर लावावाच लागतो. स्पायरलचे मात्र कोणी घेऊ नये, कारण रोज पिशवीतून नेताना त्याची पाने निसटतात.

उजवी पाने सलग वाचली की कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते उमगते. ‘मधल्या काळात काय केले?’ हा प्रश्न जवळपास सर्वत्र आहे आणि प्रत्येक वेळी दिलेले उत्तर खाली लिहिल्यामुळे ते आता दोन वाक्यांत, कोणतीही कटुता न आणता देता येते. फिफो (आधी आलेला माल आधी देणे) आणि एबीसी वर्गीकरण (मूल्यानुसार मालाचे गट पाडणे) यांवर माझी उत्तरे पहिल्यापासून ठीक होती. सॅप या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधील मालाच्या नोंदींवर अडखळत होतो, म्हणून तेवढाच भाग मित्राकडे बसून शिकून घेतला. नागपूरच्याच मिहान या औद्योगिक प्रकल्पातील एका गोदामाच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी आहे आणि तिची तयारी मी याच पानांवरून करीत आहे.