चिक चॉकलेटचा ‘मूळ करार’: १८,५०० रुपये पाण्यात

चिक चॉकलेट म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ. १९१६ साली गोव्यातल्या हळदोण्यात जन्मलेला ट्रम्पेटवादक, संगीतकार सी. रामचंद्रांचा सहायक. १९६७ ला गेला. अशा माणसाचे कागद जुन्या ट्रंकांत पडलेले असतात, म्हणूनच दलालांचं फावतं.

मला विकला गेला १९४४ चा हॉटेलचा करार आणि बाप्तिस्म्याचा दाखला. आधी ५,००० टोकन, मग ११,०००, शेवटी ‘कुरियरचा विमा’ २,५००. पैसे असेच हप्त्याहप्त्याने काढतात, हे ठाऊक होतं. तरी दिले, असा कागद हातचा जाऊ द्यायला मन धजत नाही.

दुसऱ्या हप्त्याआधी फोटो आला होता. हॉटेलच्या छापील पत्त्याखाली ठसठशीत ४००००१. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला! फोटो मोठा करून सही पाहिली, पगाराचा आकडा दोनदा पाहिला, पत्ता वाचलाच नाही. शोधणाऱ्याची नजर नावावरच जाते. पण तिथेच थांबायला हवं होतं, पुढचे १३,५०० वाचले असते.

पाकीट उघडल्यावर बाकीचं दिसलं. रेव्हेन्यू तिकिटावर किंमत पैशांत. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, १९४४ ला आणे होते. दाखला इंग्रजीत, तोही १९१६ च्या पोर्तुगीज गोव्यातला! बाप्तिस्म्याची नोंद पाहायची तर चर्चच्या मूळ वहीतच, आणि ‘वाझ’ आडनावाने. कागद चहात बुडवलेला, घडीच्या आतही डाग तसाच. खरा जुना कागद कडांनी जास्त पिवळा पडतो, घडीवर तुटतो. यूव्ही टॉर्चखाली हा निळसर चमकला. कागदात ती चमक आणणारी रसायनं साधारण १९५० नंतरची.

चौकीत विचारलं, “रद्दीला एवढे पैसे कशाला दिलेत?” मग म्हणे हा दिवाणी वाद. बँक म्हणाली, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात. तीन चकरा झाल्या, अर्ज तीनदा लिहून घेतला, पोच एकदाही नाही. दलालाचा नंबर, खातं, चॅट सगळं समोर ठेवलं होतं. कुणी उघडूनही पाहिलं नाही. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, चौकीची वाट पाहू नका. आणि पैशाआधी मागची बाजू, घड्या, तिकीट यांचे उजेडाला धरलेले फोटो मागा.

याच कराराच्या आणखी प्रती फिरत असणार. वर १९४४ आणि पत्त्याखाली ४००००१ दिसलं, तर त्यातला पगाराचा आकडा चिकच्या चरित्रात घालू नका.