पी-लोकेट: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

टायपस्क्रिप्टमध्ये (म्हणजे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) ॲरेतला घटक शोधणाऱ्या 'फाइंड'ला असिंक, म्हणजे उत्तर नंतर देणारं, फंक्शन दिलं, तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. असं फंक्शन प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची हमी) परत करतं, प्रॉमिस हा ऑब्जेक्ट असल्याने अटीत तो कायम खराच धरला जातो, आणि पहिलाच घटक 'सापडला' म्हणून हातात येतो. टाइप डेफिनिशनमध्ये त्या कॉलबॅकचा रिटर्न टाइप 'अननोन' आहे, म्हणजे काहीही परत केलं तरी चालतं. असला बग टेस्टमधूनही निसटतो, कारण टेस्टच्या डेटात बरोबर घटक बहुधा पहिलाच असतो.

पी-लोकेट ही असिंक शोधासाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी इथे कामाला येते. लायब्ररी जेमतेम एका छोट्या फाइलची आहे. घटकांची यादी द्या, बुलियन (ट्रू किंवा फॉल्स) किंवा बुलियनचं प्रॉमिस देणारं टेस्टर फंक्शन द्या. जो घटक कसोटीला उतरेल तो मिळतो, नाहीतर 'अनडिफाइन्ड'. टाइपही तसाच येतो, त्यामुळे 'न सापडल्यास काय' हे लिहिल्याशिवाय स्ट्रिक्ट मोड पुढे जाऊ देत नाही. टेस्टरमधून चुकून स्ट्रिंग परत केली तर टायपस्क्रिप्ट तिथेच अडवतं. अडवायलाच हवं, कारण आतला कोड निकाल तंतोतंत 'ट्रू' आहे का हेच बघतो. साध्या जावास्क्रिप्टमध्ये टेस्टरने 1 परत केला तर लायब्ररी तो घटक गुपचूप सोडून देते.

माझं काम असं: एकाच फाइलच्या तीन-चार संभाव्य जागा असतात, आधी मुख्य सर्व्हर, मग मिरर (त्याची प्रत ठेवणारा सर्व्हर), मग जुना साठा. अग्रक्रम ठरलेला आहे. टेस्टरमध्ये हेड रिक्वेस्ट (फाइल न उतरवता ती आहे का एवढंच विचारणारी) पाठवतो आणि रिस्पॉन्सचं 'ओके' परत करतो, बस्स. समजा तीन सर्व्हर अनुक्रमे 300, 200 आणि 100 मिलिसेकंदांत उत्तर देतात आणि फाइल फक्त तिसऱ्याकडे आहे. लूपमध्ये एकेकाला 'अवेट' करत, म्हणजे उत्तराची वाट बघत, गेलं तर 600 मिलिसेकंद जातात. पी-लोकेट तिघांनाही एकदम विचारतं, पण निकाल यादीच्या क्रमानेच तपासतं, म्हणून 300 मध्ये काम होतं. क्रम राखणारा 'प्रिझर्व्हऑर्डर' पर्याय बंद केला की 100 मध्येच. मात्र फाइल दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोघांकडे असेल, तर क्रम चालू असताना दुसरा मिळतो, बंद असताना तिसरा. अग्रक्रमाला अर्थ असेल तर या पर्यायाला हात लावू नका. तो मुळात चालूच असतो, आणि मला लायब्ररीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. जावास्क्रिप्टचं स्वतःचं 'प्रॉमिस डॉट एनी' हा अग्रक्रम देऊ शकत नाही. तिथे जो आधी पूर्ण होईल तो जिंकतो, आणि 404 (सापडलं नाही) असं उत्तर आलेला फेच, म्हणजे नेटवर्क कॉलसुद्धा, पूर्णच झालेला असतो.

आता खटकणारं. घटक सापडला की तुम्हाला उत्तर मिळतं, पण मागे राहिलेलं काम थांबत नाही. कॉन्करन्सी, म्हणजे एका वेळी किती टेस्टर चालावेत ही मर्यादा, 4 ठेवलीत, यादीत 400 पत्ते आहेत आणि पाचवाच बरोबर निघाला, तरी उरलेल्या रिक्वेस्ट चारचारच्या हिशेबाने जातच राहतात. निकालावर त्याचा परिणाम नाही, समोरच्या सर्व्हरवर मात्र होतो. रद्द करायचा सिग्नल देण्याची सोय नाही. मी बाहेर एक अबॉर्ट कंट्रोलर (काम रद्द करण्याचा सिग्नल देणारा ऑब्जेक्ट) ठेवतो, उत्तर आलं की तो अबॉर्ट करतो, आणि टेस्टरच्या पहिल्याच ओळीत 'अबॉर्ट झालंय का' बघून 'फॉल्स' परत करतो. शिवाय कॉन्करन्सीची मुळातली किंमत इन्फिनिटी, म्हणजे अमर्याद, आहे. चार पत्त्यांना ठीक, पण डेटाबेसमधून आलेल्या यादीला तशीच सोडणं म्हणजे समोरच्याला झोडपणं.

कॉन्करन्सीतली आणखी एक गोम: यादीत साध्या व्हॅल्यूंऐवजी प्रॉमिसही देता येतात. सोयीचं आहे, कारण टेस्टरला थेट रिस्पॉन्स मिळतो आणि परतही तोच येतो. पण प्रॉमिस बनवलं त्या क्षणीच रिक्वेस्ट सुटलेली असते. मग कॉन्करन्सी 2 लिहा नाहीतर 200, ती फक्त टेस्टरला लागू होते. मर्यादा खरोखर हवी असेल तर यादीत नुसते पत्ते ठेवा आणि फेच टेस्टरच्या आत करा. मग रिस्पॉन्स वेगळा जपून ठेवावा लागतो, ती कटकट आहेच.

टेस्टरने एरर फेकली की आख्खा शोध रिजेक्ट होऊ, म्हणजे एररवरच संपू शकतो. एक मिरर बंद पडला म्हणून बाकीचे वाया जाऊ नयेत, यासाठी मी आतच 'ट्राय-कॅच' लावतो, लॉग करतो आणि 'फॉल्स' देतो. लॉग टाळू नका. नाहीतर 'फाइल नाही' आणि 'नेटवर्क नाही' दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

टाइपच्या बाबतीत एक कसर राहते. साध्या 'फाइंड'ला टाइप गार्ड (घटकाचा टाइप सिद्ध करणारं फंक्शन) दिला की सापडलेल्या घटकाचा टाइप नेमका होतो. असिंक फंक्शनला तसा गार्ड टायपस्क्रिप्टमध्येच लिहिता येत नाही, त्यामुळे निकालावर पुन्हा तपासणी करावी लागते. दोष लायब्ररीचा नाही.

आवृत्ती 6 पासून पॅकेज फक्त ईएस मॉड्यूल, म्हणजे 'इम्पोर्ट'ने घ्यायचं, आहे. जुन्या नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) जुन्या पद्धतीने 'रिक्वायर' करणाऱ्यांना आवृत्ती 5 वर राहावं लागेल, नोड 22.12 पासून ही अडचण बरीचशी मिटली आहे. गंमत म्हणजे 'एनपीएम एलएस पी-लोकेट' ही पॅकेज शोधणारी आज्ञा चालवून बघितलीत तर ते तुमच्या प्रोजेक्टात आधीपासूनच असण्याची शक्यता आहे, फाइंड-अप आणि लोकेट-पाथ या दुसऱ्या पॅकेजेसच्या पाठोपाठ आलेलं.

पानापानाने येणाऱ्या डेटासाठी मात्र मी हे वापरत नाही. यादी आधी पूर्ण उलगडून घेतली जाते, त्यामुळे असिंक जनरेटर (एकेक घटक नंतर देत जाणारं फंक्शन) चालत नाही आणि न संपणारा साधा जनरेटर दिला तर प्रोग्रॅम तिथेच अडकतो. तिथे नोडच्या रीडेबल स्ट्रीमचं (तुकड्यातुकड्याने येणाऱ्या डेटाच्या प्रवाहाचं) स्वतःचं 'फाइंड' घेतो. दस्तऐवजात त्यावर प्रायोगिक असा शिक्का आहे, पण त्याला कॉन्करन्सी आणि सिग्नल दोन्ही देता येतात.