कंबरदुखीसाठी बदललेल्या सवयी, पावसाळ्यापासून हळदीच्या सीझनपर्यंत वापरून बघितल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी अकाउंट बघते. सौदे जोरात सुरू झाले की पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब), बिलं, शेतकऱ्यांची पेमेंटं, जीएसटी सगळं एकदम अंगावर येतं आणि खुर्चीवरनं उठायला सवडच नसते. मागच्या सीझनला कंबर धरली ती धरलीच, वाकलं की डाव्या मांडीपर्यंत कळ जायची. मिरजेत एका फिजिओथेरपिस्ट मॅडमना दाखवलं, त्यांनी तपासून सांगितलं की लगेच एमआरआयची गरज नाही, आधी दिवसभराच्या सवयी बदला. त्या सवयी पावसाळा, दिवाळी आणि आता परत सीझन असं सगळं धरून वापरून झाल्यात. यार्डात जो तो मला "खुर्ची कुठली घेतली" एवढंच विचारतो म्हणून सविस्तर लिहितेय.

खुर्ची जुनीच आहे. टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या खोलगट जागेत ठेवते, पायाखाली पाट घेतलाय, आणि मॉनिटरखाली जुन्या खतावण्या रचून तो डोळ्यांच्या लेव्हलला आणलाय. झालं. याचा फरक पडतो, पण थोडाच. खरा फरक पडला तो उठण्यानं. मणक्यांच्या मधल्या गाद्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, दाब येतो-जातो तसं पाणी आणि पोषण आत-बाहेर होतं, म्हणजे आपण हललो तरच त्यांना खायला मिळतं असं मॅडमनी सांगितलं आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळं कितीही भारी खुर्ची असली तरी त्यात तीन तास एकाच पोझिशनला बसणं वाईटच. मोबाइलवर अलार्म लावून बघितला, पण सौद्याच्या गडबडीत तो बंदच केला जातो. मग कामालाच उठणं जोडलं: फोन आला की उभं राहूनच बोलायचं, प्रिंटर मुद्दाम लांबच्या टेबलावर ठेवला, पाण्याची बाटली छोटी घेतली म्हणजे भरायला जावंच लागतं. हे मात्र टिकलं, भर सीझनमध्ये सुद्धा. दिवसभर उभं राहून काम करायचा प्रयोगही केला पण त्यानं पाय आणि कंबर दोन्ही भरून यायचे, आलटून पालटून करणंच बरं.

दुसरी गोष्ट सकाळची, आणि ही फार कमी लोकांना माहीत आहे. रात्री झोपेत गाद्यांमध्ये पाणी भरतं, सकाळी माणूस एक-दोन सेंटिमीटर उंच सुद्धा असतो, आणि त्या फुगलेल्या गादीवर वाकल्यावर ताण जास्त येतो. आणि आपल्याकडं बायकांची सगळी वाकायची कामं उठल्या उठल्याच! नळाला पाणी आलंय म्हणून बादल्या, मग झाडलोट, सडा, रांगोळी. पहिला तासभर कंबरेतनं वाकायचं नाही असं ठरवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दारात रांगोळी नाही आणि चहा आधी, हे कुठलं गं?" पण त्यांचीही कंबर दुखते, समजावल्यावर त्यांनीच पाट आणून दिला. आता बादल्या मिस्टर भरतात, रांगोळी चहानंतर पाटावर बसून काढते. सकाळचा जो कडकपणा असायचा तो महिन्याभरात बराच कमी झाला, सगळ्यात लवकर रिझल्ट याचाच आला.

वजन उचलायचं मी आमच्या हमालांकडं बघून शिकले. पोतं उचलताना ते आधी अंगाला चिकटवून घेतात, आणि वळायचं असेल तर कंबर पिळत नाहीत, पाय टाकून अख्खं अंग वळवतात. त्यांच्याही पाठी दुखतात, वजनंच तेवढी असतात हो, पण पद्धत बघण्यासारखी आहे. घरच्या सिलेंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि टाकीचं वजन धरलं तर भरलेला साधारण ३० किलो होतो, तो हात लांब करून ओढला की सगळा लोड कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. तो आता मी उचलतच नाही, तळाशी चाकाची ट्रॉली ठेवलीय.

झोपायच्या गादीचं सांगायचं तर "फळीवर झोपा, जमिनीवर झोपा" हे सगळे सांगतात. स्पेनमध्ये ३१३ लोकांवर झालेला आणि २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला अभ्यास आहे, त्यात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. मी घरचीच कापसाची गादी पिंजून परत भरून घेतली आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेते. छान झोप लागते.

कमरेचा पट्टा यार्डात अर्ध्या लोकांकडं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर सूचना काढल्या, त्यात नेहमीच्या उपचारात पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरायचा उपचार) नको असंच म्हटलंय. त्यापेक्षा पोटाचे-पाठीचे स्नायू कामाला लावा. मी कॅनडातले पाठीच्या मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम करते, कर्ल-अप (पाठीवर झोपून डोकं-खांदे किंचित उचलायचे), साइड प्लँक (कुशीवर होऊन, गुडघे टेकवून, कोपरावर अंग उचलायचं), बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर राहून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करायचा). आणि चालणं. आम्ही गावभागात राहतो, सकाळी आयर्विन पुलावरनं जाऊन येते, पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढलं की पुलावर गर्दी होते तेव्हा अमराईत चालायचं. ज्या दिवशी चालणं चुकतं त्या दिवशी संध्याकाळी कंबर लगेच सांगते.

मोबाइलचं अजून जमवतेय, मान ६० अंश खाली घातली की मानेवर २७ किलोपर्यंत भार येतो असा २०१४ चा हिशेब आहे, तो वाचल्यापासून मोबाइल वर धरते पण हात दुखतो.

आत्ता सीझन चालू आहे, यंदा मांडीपर्यंत कळ आलेली नाही, दिवसाअखेर कंबर जडावते पण रात्रीतनं मोकळी होते. हे सगळं साध्या कंबरदुखीसाठी आहे बरं का. पायातली ताकद कमी वाटायला लागली, पाऊल लटकायला लागलं, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा दुखण्याबरोबर ताप नाहीतर वजन उतरतंय असं असेल तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.