खोक्यावर १/३५०, आत १/४००: ‘विक्रांत’च्या रेझिन किटमधली फसवणूक

खोक्यावर छापलं होतं: आयएनएस विक्रांत, १९७१, स्केल १/३५०. किंमत कुरिअरसह २६,५०० रुपये. जाहिरातीत सामान दिलं होतं ते असं: भरीव रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकचा) हल, म्हणजे जहाजाचं धड, पितळी फोटोएचच्या चार फ्रेट (रसायनाने बारीक भाग कोरलेले पत्रे), लेथवर कातलेल्या तोफांच्या नळ्या, विमानं आणि डेकल (चिकटवायची छापील चिन्हं). सगळे पैसे यूपीआयने आगाऊ घेतले गेले. अठरा दिवसांनी खोकं आलं. हलला स्टीलची पट्टी लावली तर तो ५२७ मिलिमीटर भरला.

जुनी विक्रांत ७०० फूट, म्हणजे २१३.४ मीटर लांब होती. त्याला ३५० ने भागलं की ६१० मिलिमीटर येतात. ८३ मिलिमीटर जहाज कमी आहे, आणि हे कळायला हातात कॅल्क्युलेटर पुरतो. पैसे देण्याआधी एवढा एक भागाकार करून हलशेजारी पट्टी ठेवलेला फोटो मागितला असता, तर व्यवहार तिथेच थांबला असता. या एका खोक्यात युद्धनौकांच्या किटमधल्या फसवणुकीचे बरेच प्रकार एकत्र सापडले, म्हणून ते उघडून दाखवतो आहोत. विक्रेत्याचं नाव लिहिलेलं नाही. अशी नावं महिन्याभरात बदलतात, पद्धत तीच राहते.

पहिल्यांदा विचारणा केल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं: “रेझिन आकसतं.” हे उत्तर अनेकांना पटतं, कारण ते अर्धं खरं आहे. पॉलियुरेथेन रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं. टिन-क्युअर सिलिकॉनचा साचाही कालांतराने आकसतो. प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन जवळपास आकसतच नाही. पण हे सगळं धरूनसुद्धा फरक अर्धा ते एक टक्क्याच्या आसपास राहतो. ६१० मिलिमीटरच्या हलमध्ये तो ३ ते ६ मिलिमीटर होईल. इथे फरक साडेतेरा टक्के आहे. इतकं कुठलंही रेझिन आकसत नाही.

मग ५२७ हा आकडा आला कुठून? विक्रांत मुळात ब्रिटिश नौदलासाठी बांधायला घेतलेली मॅजेस्टिक वर्गाची ‘हर्क्युलिस’. तिच्या आधीचा, अगदी जवळच्या आराखड्याचा वर्ग कोलोसस. त्या वर्गातली पहिली नौका १९४६ मध्ये फ्रान्सकडे गेली आणि ‘आरोमांश’ झाली. हेलर या फ्रेंच कंपनीने आरोमांशचं प्लॅस्टिक किट १/४०० मध्ये काढलं होतं. कोलोसस वर्गाची लांबी सुमारे २१२ मीटर, ४०० ने भागलं की साधारण ५३० मिलिमीटर. त्यातून साच्याचा अर्धा टक्का वजा केला की उरतात ५२७. शिवाय हलच्या नाळेवर आणि कण्यावर, बरोबर मधोमध, लांबी (पुट्टी) भरून घासलेली एक पुसट उभी रेघ आहे. प्लॅस्टिक किटचे हल बहुधा डाव्या-उजव्या दोन अर्धांचे असतात आणि सांधा नेमका तिथेच येतो. मूळ मास्टर (साचा काढण्यासाठीचा नमुना) जर रेझिन किटसाठीच घडवला असेल, तर तिथे सांधा असण्याचं कारण नाही. म्हणजे कुणीतरी ४०० स्केलचं प्लॅस्टिक किट जोडलं, त्यावरून साचा काढला, रेझिन ओतलं आणि खोक्यावर ३५० छापलं.

यालाच रीकास्ट म्हणतात: दुसऱ्याच्या कामावरून चोरून काढलेला साचा. तो ओळखण्याच्या खुणा या हलवर ठळक आहेत. अस्सल कास्टिंग करणारे रेझिन निर्वात करून किंवा प्रेशर पॉटमध्ये दाबाखाली घट्ट करतात. ते न केल्यास हवेचे बुडबुडे धारदार कोपऱ्यांत अडकतात. इथे बोलार्ड (दोर बांधायचे खुंट) अर्धे आहेत, अँकरच्या भोकाभोवती सुईच्या टोकाएवढे खड्डे आहेत आणि पोर्टहोलच्या कडा झिजल्यासारख्या गोल आहेत. खड्डे भरता येतात. बोथट झालेली कड मात्र परत आणता येत नाही, कारण तपशील मुळात साच्यातच उतरलेला नसतो. हलच्या मागच्या एक-तृतीयांश भागात पृष्ठभाग बोटाला चिकट लागतो. रेझिनचे दोन भाग चुकीच्या प्रमाणात मिसळले की असं होतं. असा भाग कितीही दिवस ठेवला तरी पूर्ण घट्ट होत नाही आणि त्यावरचा प्रायमर काही आठवड्यांत सुटतो. हलला लांबीत बाकही आहे. काचेवर ठेवला की नाळ ४ मिलिमीटर वर राहते. एवढा बाक ६०-७० अंशांच्या गरम पाण्यात ठेवून, सपाट काचेवर वजनाखाली गार केला तर निघतो. पण चिकट भाग गरम पाण्यात आणखी मऊ पडतो, म्हणून या हलवर तो उपाय चालत नाही.

वजनाची एक परीक्षा आहे, आणि ती खोकं हातात येण्याआधी करता येते. विक्रांतचं पूर्ण भारातलं विस्थापन, म्हणजे जहाजाचं वजन, सुमारे १९,५०० टन. लांबी ३५० पट कमी होते तेव्हा घनफळ ३५० चा घन, म्हणजे जवळजवळ ४ कोटी २९ लाख पट कमी होतं. त्या हिशोबाने फक्त पाण्याखालचा भाग भरीव रेझिनमध्ये अर्धा किलो भरतो. वरचा हल, डेक, आयलंड (डेकवरची इमारत) आणि खोकं वेगळं. ४०० स्केलला तोच भाग ३३० ग्रॅमच्या आसपास येतो. विक्रेता “भरीव रेझिन” म्हणत असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर हल ठेवून फोटो मागा. हल पोकळ असेल तर हा हिशोब लागू होत नाही, पण मग तो पोकळ आहे हे विक्रेत्याला आधीच लिहून द्यावं लागतं.

आता १९७१. खोक्यावर हे साल आहे आणि डेकच्या पुढच्या टोकाला स्की-जंप (विमानं उडवण्यासाठी वर वळवलेला उतार) आहे. या दोन गोष्टी एका नौकेवर असूच शकत नाहीत. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं वाफेच्या कॅटापल्टने (विमान वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्राने) उडत होती. चितगाव आणि कॉक्स बझारवरचे हल्ले याच विमानांनी केले. पावणेदहा अंशांचा उतार बसवला गेला तो १९८० च्या दशकाच्या शेवटी, सी हॅरियरसाठी. सी हॅरियर भारतात पोचली ती १९८३ मध्ये. खोक्यात विमानं आहेत सहा, सहाही सी हॅरियर. सी हॉक एकही नाही, अलिझे एकही नाही. १९७१ च्या युद्धाच्या आठवणीसाठी हे मॉडेल घेणाऱ्याला दिलं गेलं ते कुठल्याच सालचं नसलेलं जहाज. लांबीच्या फसवणुकीपेक्षा हे मनाला जास्त लागतं. नौदलातून निवृत्त झालेले लोक, त्यांची मुलं, नातवंडं अशी किट मागवतात, बांधून घेतात, दिवाणखान्यात काचेत ठेवतात. त्यांना सालाचा फरक कळणार नाही, हेच गृहीत धरून ही जाहिरात लिहिलेली होती.

विमानंसुद्धा मोजा. सी हॅरियर १४.५ मीटर लांब, म्हणजे ३५० ला ४१ मिलिमीटर आणि ४०० ला ३६. खोक्यातली विमानं ४१ मिलिमीटरची निघाली. विमानं खरोखर ३५० ची आणि जहाज ४०० चं, त्यामुळे डेकवर ती जरा दाटीने बसतात आणि नवख्या माणसाला वाटतं की डेक अरुंदच होता. सी हॉकची लांबी १२.१ मीटर, ३५० ला साडेचौतीस मिलिमीटर. अलिझेच्या पंखांचा पसारा १५.६ मीटर, तो ३५० ला साडेचव्वेचाळीस भरतो. हे तीन आकडे खिशात ठेवले तर विक्रांतच्या कुठल्याही किटचं स्केल विमानांवरून तपासता येतं.

फोटोएचबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण किमतीचा मोठा भाग त्यावर लावला जातो. अस्सल फ्रेट ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याची असते आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या नकाशाने कोरलेली असते. जिथे दुमडायचं तिथे पत्रा एकाच बाजूने अर्ध्या जाडीपर्यंत कोरतात. त्यामुळे डायरेक्टर (तोफांचा नेम धरणारं यंत्र), शिडी, रडारची चौकट सरळ रेषेत दुमडते. चोरटे लोक अस्सल फ्रेट स्कॅन करतात. स्कॅनमध्ये फक्त आरपार भोकं दिसतात, अर्धी कोरलेली रेघ दिसत नाही. मग दोन्ही बाजूंनी एकच नकाशा वापरला जातो. या खोक्यातल्या चारही फ्रेट तशाच आहेत: उजेडाकडे धरल्या तर छान दिसतात, तिरक्या उजेडात धरल्या तर दुमडीची एकही रेघ नाही. पहिलीच शिडी दुमडताना कोपरा गोल झाला, दुसऱ्या वेळी तुटला. शिवाय यातल्या दोन फ्रेटना चुंबक चिकटतं. पितळेला चुंबक चिकटत नाही. तो पिवळा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा आहे. तासणीने ओरखडा काढला की खालचा पांढरा रंग दिसतो, आणि दमट हवेत, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर नक्कीच, रंगाखालून गंज फुटतो.

रेलिंगची उंचीही पाहावी. खऱ्या जहाजावर रेलिंग साधारण एक मीटर असतं. ३५० ला ते २.९ मिलिमीटर, ४०० ला २.५, ७०० ला १.४. आणि रीकास्ट हलला अस्सल रेलिंग लावायला गेलं तर ते हलपेक्षा लांब पडतं, कारण हल आकसलेला असतो आणि पितळ मूळ मापाचंच. एक टक्का आकसलेल्या ३५० च्या विक्रांतवर एका बाजूला सहा मिलिमीटर जास्त. शेवटचा खांब नाळेच्या पुढे हवेत जातो, आणि लोक स्वतःच्या मापाला दोष देत बसतात.

डेकल घरगुती लेझर प्रिंटरची आहेत. अशा प्रिंटरला पांढरी शाई नसते. पांढरं जे दिसतं ते कागद असतो. भारतीय गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. हे डेकल राखाडी विमानावर चढवलं की मधलं पांढरं वलय राखाडी होतं आणि केशरी मळकट पडतो. विकत घेण्याआधी डेकलचा कागद काळ्या पुठ्ठ्यावर ठेवून फोटो मागण्यात अर्थ नाही, कारण डेकल कागदावर असेपर्यंत पांढरंच दिसतं. निळसर किंवा रंगीत कागदावर छापलेलं डेकल असेल तर मात्र पांढरी शाई आहे की नाही हे फोटोतही कळतं.

तोफांच्या नळ्या खोक्यात नव्हत्याच. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत साधे कापलेले तारेचे तुकडे होते.

जाहिरातीतले फोटो दुसऱ्याच कुणाच्या बांधलेल्या मॉडेलचे होते. इंटरनेटवर त्या फोटोवरूनच शोध घेतला तर मूळ जागा लगेच सापडली. म्हणून फोटो मागताना हे पाहावं: हल उलटा ठेवलेला, शेजारी स्टीलची पट्टी शून्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत पूर्ण दिसणारी, आणि एका चिठ्ठीवर हाताने लिहिलेली त्या दिवसाची तारीख. फ्रेटचा फोटो तिरक्या उजेडात, खूप जवळून. सूचनापत्रिकेच्या पहिल्या पानावर भागांचा नकाशा असतो, तोही मागावा. प्लॅस्टिक किट जुनं घेताना त्या नकाशावरची स्प्रूची (भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटींची) अक्षरं आणि पिशव्यांतल्या स्प्रू जुळवाव्यात. बहुतेकदा गायब असते ती लहान फ्रेट किंवा विमानांची स्प्रू. “आज वेळ नाही, शेवटचा पीस आहे, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय” असं उत्तर आलं तर पैसे पाठवू नयेत.

खोकं आल्यावर तक्रार केली तेव्हा दुसरा फास टाकला गेला. “खरा हल परदेशातून मागवलाय, कस्टममध्ये अडकलाय, ४,२०० रुपये ड्युटी भरा,” असा निरोप आणि सोबत एका व्यक्तीच्या नावाचा क्यूआर कोड. आयात शुल्क कुणाच्या खाजगी यूपीआयवर भरलं जात नाही. ते कुरिअर कंपनी किंवा टपाल खातं घेतं, ज्याच्या नावे पार्सल आहे त्याच्या नावाने कागद येतो. काही ठिकाणी हाच डाव “तुमचे पैसे परत करतो, कोड स्कॅन करून पिन टाका” असा खेळला जातो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

फसवणूक लक्षात आल्याक्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर ते पहिल्या काही तासांतच. हाताशी हवं ते असं: यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट, कुरिअरच्या चिठ्ठीवरचं वजन, आणि खोकं उघडतानाचा न तोडलेला व्हिडिओ, ज्यात बंद टेप आणि चिठ्ठी आधी दिसते. किट धंदा म्हणून विकणाऱ्याकडून घेतलं असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलावं. विकणारा साधा खाजगी माणूस असेल तर पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ आहे.

असं किट “पुढे विकून टाक” असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. पुढच्या माणसाला तेच खोकं जाईल, आणि पुरावाही हातातून जाईल. खोकं, टेप, चिठ्ठी, चिकट हल सगळं तक्रार निकाली निघेपर्यंत जपून ठेवावं.

ज्यांना १९७१ ची विक्रांत खरंच बांधायची आहे त्यांनी ४०० स्केलचंच जुनं प्लॅस्टिक किट उघडपणे, ४०० म्हणून घ्यावं. आयलंड, मास्ट आणि डेकवरच्या खुणा प्लॅस्टिक शीटमधून नव्याने कराव्यात, पुढचं टोक सपाट ठेवून कॅटापल्टचा मार्ग कोरावा. सी हॉकची लांबी ३० मिलिमीटर ठेवावी, अलिझेचे पंख ३९. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमानसंग्रहालय आहे, तिथे सी हॉक आणि अलिझे दोन्ही उभी आहेत. चाकांच्या खाचा, पंख दुमडण्याच्या जागा आणि पोटाखालचा भाग तिथे जवळून पाहता येतो, आणि तेच तपशील रेझिनच्या नकलांमध्ये सर्वांत आधी चुकतात.