झिंग्यांच्या टाकीत जंत: खाणं तोडायचं, सापळा लावायचा की औषध घालायचं?

चेरी श्रिंप म्हणजे शोभेचे छोटे लाल झिंगे. त्यांच्या टाकीच्या काचेवर पांढरे बारीक जंत दिसले की आपण घाबरतो आणि लगेच औषधाचं नाव विचारत सुटतो. आधी ते जंत कोणते हे बघा, कारण उपाय पूर्णपणे त्यावरच ठरतो.

रात्री टाकीचा लाईट बंद करून तासाभराने मोबाईलचा टॉर्च काचेवर तिरपा मारा. दोऱ्यासारखा बारीक जंत वाळूतून अर्धा बाहेर येऊन हलत असेल किंवा पाण्यात सापासारखा वळवळत असेल, तर तो गाळातला जंत. तो उरलेलं खाणं आणि कुजकी पानं खातो, झिंग्याला काहीही करत नाही. एखाद मिलिमीटरचे, गोल डोक्याचे पांढरे ठिपके काचेवर फिरत असतील, तर तेही निरुपद्रवी. पण अंग न वळवता काचेला चिकटून संथ सरकणारा, डोकं बाणाच्या टोकासारखं त्रिकोणी आणि त्यावर दोन काळे डोळे असलेला चपटा जंत दिसला, तर तो प्लॅनेरिया. तो अंडी आणि नवजात पिल्लं खातो, आणि नुकतीच कात टाकलेल्या मऊ झिंग्यालाही सोडत नाही. त्याला काचेवर चिरडू नका. तुकडे झाले तर प्रत्येक तुकड्यातून नवा जंत उभा राहू शकतो.

गाळातल्या जंतांसाठी एकच उपाय पुरतो: खाणं कमी करा, वाळूतला गाळ सायफनने ओढा. ते अचानक झुंडीने काचेवर चढले तर बहुधा पाण्यात ऑक्सिजन कमी झालेला असतो, म्हणजे स्पंज फिल्टर साफ करून हवा वाढवायची. यांच्यासाठी औषध घालूच नका. वाळूत दडलेले सगळे एकदम मेले की अमोनिया चढतो आणि जंतांपाठोपाठ झिंगेही जातात.

प्लॅनेरियाला मात्र उपाशी ठेवून भागत नाही. खायला मिळालं नाही तर तो स्वतःचं अंग आटवतो आणि लहान होऊन महिनोन्‌महिने जगतो. इथे खरी निवड सापळा आणि औषध यांतली आहे.

सापळा म्हणजे बारीक भोकांची काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी. आत चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा ठेवायचा, रात्री लावायचा आणि पहाटे काढायचा, नाहीतर मांस कुजून पाणी बिघडतं. कुणालाही इजा होत नाही, पाणी बदलावं लागत नाही. पण सगळे जंत त्यात कधीच येत नाहीत, अंड्यांच्या कोशांना तर हातही लागत नाही. टाकीत नेराइट किंवा मिस्ट्री स्नेलसारख्या गोगलगायी असतील आणि त्या हलवायला दुसरी टाकी नसेल, तर मी सापळाच लावेन, चिकाटीने.

औषधांत दोन पर्याय. एक, सुपारीच्या अर्काची तयार पावडर, जी ‘नो प्लॅनेरिया’ नावाने मिळते. सुपारीतलं अरेकोलिन जंतांवर चालतं. एके काळी कुत्र्यांच्या जंतांवरही ते देत असत. म्हणून टपरीवरची सुपारी आणून उकळू नका. ती भाजलेली की उकडलेली, तिला काय लागलंय, तिच्यात अरेकोलिन किती, यातलं काहीच आपल्याला कळत नाही.

दुसरा पर्याय फेनबेंडाझोल. शेळ्या-मेंढ्यांना, कुत्र्यांना देतात तेच जंताचं औषध, जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळतं आणि पावडरीपेक्षा खूप स्वस्त पडतं. मी याच बाजूचा आहे, कारण डोस मोजून देता येतो. गोळीत फक्त फेनबेंडाझोल आहे ना, हे वेष्टनावर वाचा. कुत्र्यांच्या बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात. १५० मिलिग्रॅमची गोळी कुटून १५० मिलिलिटर पाण्यात घातली की १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम येतं. ते विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून दरवेळी बाटली जोरात हलवून मगच सिरिंज भरायची. लिटरला साधारण ०.६ मिलिग्रॅम पुरतं. दीड बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत वाळू वजा जाता ३५ लिटर पाणी धरलं, तर २१ मिलिलिटर. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा. जंत दोन-तीन दिवसांत मरतात; मेलेले ओढून काढायचे आणि तिसऱ्या दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. कोशांतून नवे निघतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक डोस.

दोन्ही औषधांना नेराइट आणि मिस्ट्री स्नेल बळी पडतात. रॅम्सहॉर्न जातीच्या गोगलगायी बहुधा तगतात. फेनबेंडाझोलचा अंश वाळूत बराच काळ राहतो, त्यामुळे हलवलेल्या गोगलगायी पाणी बदललं की लगेच परत आणू नका. आणि माशांसाठी विकलं जाणारं, तांबं असलेलं कुठलंही औषध या टाकीत नको. झिंग्याला ते विषच.

मासा सोडायचा सल्लाही मिळेल. फायटर जंत खाईलही, पण झिंग्याची पिल्लं त्याआधी खाईल.

सोलापुरात निवड करताना आणखी एक गोष्ट धरावी लागते: पाणी. आपल्याकडे नळ रोज येत नाही, आणि औषधाचा डोस चुकला, अमोनिया चढला तर पाणी त्याच तासाला बदलावं लागतं. म्हणून नळ येऊन गेल्यावर, क्लोरीन उडालेली एक-दोन पिंपं भरलेली असतील तेव्हाच औषध घाला. पिंपं रिकामी असतील तर त्या आठवड्यात सापळाच बरा.

एप्रिल-मेमध्ये तर थांबाच. टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, झिंगे आधीच ताणात असतात, त्यात मेलेल्या जंतांची घाण त्यांना झेपत नाही. पाण्यावर छोटा पंखा लावा, खाणं अर्ध्यावर आणा, रात्री सापळा चालू ठेवा आणि मृगाचा पाऊस होऊन पाणी २७-२८ अंशांवर आलं की पहिला डोस द्या.